पायाशी ठेवलेला कोयता

आमच्याकडे केळीच्या बागेत कोयता हातातून हातात देत नाहीत. भांडण लागतं म्हणतात. देणाऱ्याने तो समोरच्याच्या पायाशी ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. चोपड्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

शेजारच्या मळ्यातले नाना आमचा कोयता घेऊन गेले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या म्हशीने आमची कोवळी रोपं फस्त केली आणि माझा धाकटा दीर तिच्यामागे दगड घेऊन धावला. दुपारी नाना मला विहिरीवर भेटले. म्हणाले, "पोरी, तुना देरले समजाड. मनी म्हैसले दगड नको मारू म्हन त्याले."

एवढंच. पण साधं सांगेन तर ती मी कसली! घरी येऊन दिराला तिखटमीठ लावून सांगितलं, "नाना म्हने, तुना पाय तोडसू." त्याचा घास हातातच राहिला. मला, खरं सांगते, गंमत वाटली.

संध्याकाळी बांधावर दोघांची जुंपली. मी जवळच उभी होते. शिवीगाळ झाली, आणि नाना तावातावाने पुढे आले. "हाऊ घ्या तुमना कोयता," म्हणत दिराच्या पायाशी वाकले. मागे सरायला सगळं वावर मोकळं होतं. दीर सरला नाही. हातातलं फावडं त्याने वाकलेल्या डोक्यावर घातलं. नाना पुन्हा उठले नाहीत.

एवढ्या रागातही त्या माणसाने रीत पाळली होती.

वकिलांनी मला आधीच समजावलं होतं. जीव वाचवायला मारलं असं म्हणायचं, तर त्या घडीला भीती खरी हवी आणि तिला काही आधार हवा. नाहीतर दिराची जन्मठेप ठरलेली. जळगावच्या कोर्टात मला विचारलं, "मयताने पाय तोडण्याची धमकी दिली होती?" समोर दीर उभा होता, पार वाळलेला. मागच्या बाकावर नानांची बायको होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो," म्हणाले. "मीच ऐकली."

दीर सुटला. आता तो कुणाशी भांडत नाही, म्हशी आल्या तरी नुसतं हाकलतो. काल जेवताना एकदम म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगं म्हनीसन मी वाचनू."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्याची भीती खरीच होती. मीच तर ती त्याला वाढली होती.