कार्मोडी किती यार्ड काढेल

ऑर्व्हिल टेस्मरला आमच्या गावात कुणी शहाणा म्हणत नाही. कागदाची गिरणी बंद पडली, बरोबरीचे सगळे लेकीसुनांकडे निघून गेले, हा एकटाच मागे राहिला. बायको आधीच गेलेली. त्याचा आठवडा म्हणजे रविवार आणि रविवार म्हणजे डोरीनच्या बारमधली खिडकीजवळची खुर्ची. तिथे आमची फॅन्टसी लीग बसते. ऑगस्टमध्ये फुटबॉलचे खरेखुरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे, आणि ते मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्या नावावर मांडायचे. डोरीनचा नियम एकच, पण कडक: लागोपाठ दोन वर्षं तळाला गेलात की खुर्ची खाली करा. मागच्या वर्षी तळाला ऑर्व्हिलच होता, आणि त्या खुर्चीवर लीगमधल्याच लायलच्या जावयाचा डोळा होता.

अशा वेळी या बाबाने उचलावं कुणाला, तर कार्मोडीला!

कार्मोडी आमच्याच संघाचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी. बोटं बधिर करणाऱ्या बर्फात त्याने फेकलेले चेंडू ज्यांनी पाहिले, ते अजूनही त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. म्हातारा झाला म्हणून मालकांनी त्याला वाटेला लावलं, आणि तो गेला तोही नेमका सरोवराच्या खालच्या अंगाला, आमच्या सात जन्मांच्या वैऱ्यांकडे. त्या संघाचा खेळाडू आमच्याकडे कुणी फुकट दिला तरी घेत नाही.

"त्यांचा रंग घरात आणतोस? लाज नाही वाटत?" लायलने विचारलं.

"लाजेला गुण नसतात रे," ऑर्व्हिल म्हणाला.

उन्हाळाभर त्याचं हेच चाललं होतं. नव्या मैदानाला छप्पर आहे, म्हणजे वाऱ्याची कटकट नाही. झेलणारे दोघे तरणेबांड. खांदा जुना, तेवढं वजा धरा. आणि मुख्य म्हणजे संघ रडका, सदा मागे पडणारा. मागे पडलेला संघ चेंडू फेकतच सुटतो, म्हणजे यार्डच यार्ड, आणि जितके यार्ड तितके गुण. आम्ही पोट धरून हसलो. पण रविवारमागून रविवार गेले आणि आमचं हसू आटलं. संघ एकेक सामना हरत होता आणि कार्मोडी ऑर्व्हिलने सांगितले तितकेच यार्ड काढत होता! डोरीनसुद्धा बिअर ओतता ओतता थांबून याच्याकडे बघायची. मला तर खरंच भीती वाटायला लागली या माणसाची.

नशीब मात्र वैरी. ऑर्व्हिलने उचललेले बाकीचे गडी लंगडत बाहेर पडले. शेवटच्या रविवारी तळाला कोण, तो की लायल, हे एका सामन्यावर आलं, आणि तो सामना आमच्याच संघाशी, आमच्याच मैदानावर. टीव्हीसमोर सगळा बार आपल्यांसाठी ओरडत होता. ऑर्व्हिल तेवढा ओठ शिवून बसलेला. कुणाच्या बाजूने ओरडणार बिचारा?

शेवटाकडे, भर बर्फात, कार्मोडीने चेंडू फेकला. काय फेकला! सगळ्यांच्या डोक्यावरून तो असा गेला की तोंडाशी नेलेलं तळलेलं चीज हातातच राहिलं. टचडाउन. वैरी पुढे. डोरीनने बेरीज केली: ऑर्व्हिल लायलच्या पुढे, दोनच यार्डांनी. खुर्ची वाचली.

मग चेंडू पुन्हा कार्मोडीकडे आला आणि त्याने गुडघा टेकला. पुढे असलेला संघ वेळ संपवायला हेच करतो, आणि दर टेकण्याला गड्याच्या खात्यातून एक यार्ड वजा होतो. पुन्हा टेकला. लायल खुर्चीतून अर्धा उठला. तिसऱ्यांदा टेकला आणि सामना संपला. ऑर्व्हिल एका यार्डाने तळाला.

ज्या मैदानाने त्याला घालवून दिलं, ते अख्खं उठून उभं राहिलं. आमचा बारही उठला. ऑर्व्हिलने टोपी काढून छातीशी धरली होती.

लायलने मान खाली घातली. म्हणाला, "राहू दे ऑर्व्ह, बस तू."

"नियम आहे," ऑर्व्हिल म्हणाला आणि खुर्ची त्याने स्वतःच लायलच्या जावयाकडे सरकवली.

डोरीनला राहवलं नाही. "वारा धरलास, छप्पर धरलंस, खांदासुद्धा धरलास. मग हे गुडघे टेकणं कसं सुटलं तुझ्याकडून?"

त्याची नजर टीव्हीवरून हलत नव्हती. डोळे भरले होते, पण चेहरा असा उजळलेला मी त्याची बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"सगळं धरलं होतं गं. तो जिंकेल, तेवढं धरायचं राहिलं."