थॉर्नटन आणि आम्ही बाभुळगावकर

महिना होत आला. एका रविवारी सकाळी शेजारच्या थॉर्नटनांची भाची दारात उभी राहून म्हणाली, "अंकल गेले. झोपेतच." मला भडभडून आलं. कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला आईला फोनवर कळवलं, तर तिने डोक्यावरून अंघोळ केली... भाऊबंद गेल्यावर करतात तशी.

हे नातं तिनेच जोडलेलं. इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्याकडे आली, तेव्हा कुंपणापलीकडच्या या गोऱ्या म्हाताऱ्यालाही तिने सोडलं नाही. "अरे, विचार ना त्यांना, मूळ गाव कुठलं?" मी ओशाळत विचारलं. ते म्हणाले, थॉर्न म्हणजे काटेरी झाड, टन म्हणजे जुन्या इंग्रजीत वस्ती. इंग्लंडात थॉर्नटन नावाची गावं पुष्कळ. त्यातलं आपलं कुठलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई उडालीच. "अगंबाई, म्हणजे बाभुळगावच की! हे आपलेच." बाभुळगावं तरी आपल्याकडे काय, पैशाला पासरी. "एकदा जाऊन या म्हणावं. गावाला पाय लागले पाहिजेत," असं बजावून वर तिने ग्रामदेवतेसाठी नारळही दिला.

पुढच्या उन्हाळ्यात थॉर्नटन खरंच इंग्लंडातल्या त्यातल्याच एका गावी जाऊन आले, काठी टेकत, एकटेच. परतल्यावर एका संध्याकाळी कुंपणाशी म्हणाले, "त्या गावात थॉर्नटन आडनावाचं एकही घर नाही. चर्चमधल्या बाई म्हणाल्या, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागेल? सोडून गेला, त्यालाच परक्यांनी ते लावलं." मग काठी कुंपणाला टेकवून म्हणाले, "गाव तर कधीच सुटलं. नाव तेवढं उरलंय... तू तुझं टाकू नकोस." ऑफिसात कुणाला उच्चारता येत नाही म्हणून सिटिझनशिप घेताना मी आडनाव छाटणार होतो, हे त्यांना माहीत होतं. मी विषय हसण्यावारी नेला.

परवा सिटिझनशिपच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, नाव बदलायचंय का? नाही म्हणालो. येताना चिकटवायची अक्षरं आणली. आमच्या टपालपेटीवर इतकी वर्षं नुसतं इंग्रजी 'बी' होतं. बायको म्हणाली, "अरे यार, एवढं लांबलचक फिट होणार नाही त्यावर!" नाहीच झालं. 'बाभुळगाव' समोरच्या बाजूला मावलं, आणि 'कर' कोपऱ्यावरून वळून बाजूला गेलं... थॉर्नटनांच्या बंद दाराकडे तोंड करून.