निम्मी पोरगी, निम्मी पोटगी

माझ्या आत्याला चूक ऐकवतच नसे. कीर्तनात बुवा एखाद्या शब्दाला अडखळले, तर ही बायकांतून उठून पुढचा शब्द सांगायची. लग्नाच्या बैठकीत कुणी नवरदेवाचं वय कमी सांगितलं, की हिचं सुरू, "असं कसं? त्यो आमच्या बाळ्याच्या बरोबरीचा हाय!" तिसगावात लोक तिला अगत्यानं बोलवायचे आणि ती आली की धास्तावायचे.

आई-पप्पा वेगळे झाले तेव्हा मी तिसरीत होते. आईबरोबर नगरला राहायचे. शनिवारी शाळा सुटली की पप्पा मला तिसगावला न्यायचे, आत्याच्या हवाली करायचे आणि टेम्पो घेऊन भाड्यावर निघून जायचे. आत्या विधवा, भावाच्याच घरात राहायची. मला न्हाऊ घालणं, उवा काढणं, पाढे म्हणवून घेणं, सगळं तिच्याकडं. "हलू नगं गं, भवाने," म्हणत ती वेण्या इतक्या घट्ट घालायची की माझे डोळे तिरपे व्हायचे. तसं सुख मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

पोटगीचा वाद कोर्टात गेला. मी तिसगावात फक्त शनिवार-रविवार, तरी पप्पांचं म्हणणं एकच, "पोरगी निम्मे दिस मी सांभाळतो, मग पोटगी बी निम्मीच." आपल्या बाजूनं बोलायला त्यांनी नेलं कुणाला, तर आत्याला! काय बोलायचं ते वाटभर पढवलं. समेटाच्या खोलीत कोर्टाच्या समुपदेशक मॅडमनी पप्पांना सहज विचारलं, "मुलगी जेवणात काय खात नाही?"

"सगळं खाती की," पप्पा म्हणाले.

"वांग्याला शिवत न्हाई ती!" आत्या उसळली. "तुला काय ठावं? तू घरी असतोस व्हय?"

झालं! मॅडमनी पुढचं सगळं तिलाच विचारलं आणि तिनं सगळं खरं सांगितलं. आईला पूर्ण पोटगी मिळाली. माझं शिक्षण त्यावर झालं. म्हणजे मला आत्यानंच शिकवलं म्हणा ना. पण पप्पांनी मला न्यायचं बंद केलं. तिला बजावलं, "आक्का, पोरीला भेटायला गेलीस तर परत ह्या घरात येऊ नगं." बिचारी जाणार कुठं? कितीतरी शनिवार मी दप्तरासकट दारात बसून असायचे. आई ओढून आत न्यायची.

बारावी झाल्यावर मी कुणाला न विचारता एसटीत बसले. पप्पा भाड्यावर गेले होते. आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिला मान वर करावी लागली.

"एवढी वाढलीस व्हय गं," ती म्हणाली, "मला न इचारता?"