तसनीम मिस आणि बंद दाराची नोंद

"जिस लड़की ने लिखा था ना, वो तो आज कहीं बढ़िया नौकरी कर रही होगी," स्वयंपाकघरातून सबाचा आवाज आला. हिना आपा त्यावर काहीतरी म्हणाल्या, पण नळ चालू होता, मला ऐकू आलं नाही. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. तसनीम मिसना जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि त्यांच्या भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतल्या घरी दुपारी बायका कुराण वाचायला जमणार होत्या. मी सगळ्यांच्या आधी पोचले होते. वेळेआधी पोचायची सवय मला शाळेपासूनची. हिना आपा ही मिसची मुलगी आणि सबा माझी पाचवीपर्यंतची, एका बाकावरची मैत्रीण. त्या दोघी जिच्याबद्दल बोलत होत्या ती मुलगी मीच होते. त्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिस गेल्याचं मला हिना आपांच्या मेसेजवरून कळलं. सकाळची वेळ होती, मी लॅपटॉप उघडून बसले होते. मेसेज वाचला आणि आधी मनात काय आलं असेल, तर 'आता सांगायचं राहिलंच'... दुःख त्याच्या मागून आलं. हा क्रम मला अजून बोचतो. पिपलानीहून स्कूटर काढून मी अशोका गार्डनच्या त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. तोंडाशी पुरुष उभे होते, खुर्च्या मांडल्या होत्या, आत जायला वाट होती. तरी मी तिथूनच परतले. घरी आईला म्हटलं, फार गर्दी होती. गर्दी होती हे खरंच होतं. खऱ्यातलं सोयीचं तेवढंच सांगायची माझी पद्धत जुनी आहे आणि या लेखात मला मुख्यतः तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. बाबा कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे माझं बालपण पिपलानीच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि तिन्ही ठिकाणी मी कमीच बोलायचे. शाळा मुलींची. पाचवीपर्यंत सबा माझ्या शेजारी बसायची आणि माझ्या वाटचंही बोलून टाकायची. बाईंनी मला प्रश्न विचारला की ही उभी राहून सांगायची, मिस, इसको आता है, बस शरमाती है. सहावीत तिसरी भाषा निवडायची होती. संस्कृतवाल्या मुली ए आणि बी सेक्शनमध्ये, उर्दूवाल्या सीमध्ये. तासिकांचं वेळापत्रक सोपं व्हावं एवढंच कारण असल्याचं आम्हाला सांगितलं होतं आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गात एकही मुसलमान मुलगी उरली नव्हती. कुणी कुणाला बाहेर काढलं नाही. एक फॉर्म भरला आणि झालं. सी सेक्शन तळमजल्यावर, सायकल स्टँडच्या बाजूला गेला. वर्षभरात आमच्या मुली जिन्याखालच्या त्या कॉरिडॉरला 'बॉर्डर' म्हणायला लागल्या. कुणी तिकडून पाणी पिऊन आली की विचारायच्या, वीसा लगा के गई थी क्या? सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, तोंड मिटून.

तसनीम मिस सी सेक्शनला उर्दू शिकवायच्या, खोली नंबर चौदामध्ये. उंच, किंचित वाकलेल्या, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. मला शिकवायचा त्यांचा काही संबंध नव्हता. पण सातवीत एके दिवशी जिना उतरताना त्यांनी मला थांबवलं, माझ्या स्कर्टकडे पाहिलं, काहीही न विचारता आपली ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली आणि मला चौदामध्ये नेलं. दोन बाकं जोडून झोपवलं. पहिलीच वेळ होती, मी घाबरून रडत होते. दार बंद करून त्या बाहेर उभ्या राहिल्या, आई येईपर्यंत. कुणी काय झालं म्हणून विचारलं की सांगायच्या, बच्ची सो रही है. त्या दाराच्या आत काय असतं हे मला तेव्हापासून माहीत होतं, एवढंच इथे लिहून ठेवते.

आठवीत, जुलै महिन्यात, टीव्हीवर सबंध आठवडा एकाच स्फोटाची दृश्यं चालली होती. शहरात हाय अलर्ट होता. मला भीती वाटायची, हेही लपवायला नको. सिटी बसमध्ये सीटखाली पिशवी दिसली की मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत जायचे. शाळेत आमच्याकडून बाकांखाली लपायचा सराव करून घेतला, गेटवर दप्तरं तपासायला सुरुवात झाली. आमची एकदा, सी सेक्शनची दोनदा. मग एका शुक्रवारी कोऑर्डिनेटर मॅडमनी प्रत्येकीला अर्धा कागद दिला. त्यावर तीन रकाने होते. काय पाहिलं, कुठे पाहिलं, कधी पाहिलं. सोमवारपर्यंत आपल्या आजूबाजूची एक तरी वेगळी गोष्ट लिहून आणायची, नाव घालायचं नाही. कागद भरला की नाही याची मात्र यादीत खूण होणार होती.

बाकीच्यांनी काय काय लिहिलं ते नंतर सगळ्यांना कळलं. गेटपाशी तीन पायांचा कुत्रा दिसतो. पीटीच्या सरांनी मिशी काढली. एकीने तर शेजारच्या काकांची स्कूटर रोज संशयास्पद आवाज करते असं लिहिलं होतं. मला असलं सुचत नसे. गृहपाठ म्हणजे गृहपाठ. आणि मी पाहिलेली गोष्ट माझ्याकडे होती. सबा सी सेक्शनला गेल्यापासून मधल्या सुट्टीत मला बसायला कुणी नव्हतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर डबा घेऊन बसायचे, कारण तिथून ती कधीतरी दिसायची. त्या महिन्यात ती आणि अजून सहा मुली रोज सुट्टी झाली की चौदामध्ये जात, दार बंद होई, सुट्टी संपल्याची घंटा झाली की उघडे. मी सुंदर कर्सिव्हमध्ये, एकही खाडाखोड न करता, तसं लिहिलं. मुली किती, खोली कोणती, घड्याळात किती वाजले. दार बंद असतं. आतून आवाज येत नाही.

रमजान चालू होता. सबाचे ओठ कोरडे पडलेले मी गेटवर रोज पाहत होते. सगळी शाळा डबे उघडून बसलेली असताना उपाशी मुलींनी कुठे बसायचं, म्हणून मिस त्यांना आपल्या खोलीत झोपू देत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. पण 'का' असा रकाना त्या कागदावर नव्हता... इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. कागदाची मागची बाजू कोरी होती, हे मी स्वतःला सांगत नसे.

सोमवारी मॅडमनी माझी नोंद प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचली. चौदा हा आकडा आणि मुलींचा उल्लेख गाळून, निरीक्षण कसं असावं याचा नमुना म्हणून. टाळ्या वाजल्या. माझ्या कुठल्याही गोष्टीला वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि मला त्या आवडल्या. घरी आईला सांगितलं, तीही खूश झाली. दोन दिवसांनी एक पोलीस बाई चौदामध्ये आल्या. सात मुलींना वडिलांची नावं, कामाची ठिकाणं, फोन नंबर विचारले. सबाचे अब्बा मंडीदीपच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर होते, त्यांना कामाची पाळी सोडून ठाण्यात बोलावलं, तेही तीनदा. काही निघालं नाही, निघण्यासारखं काही नव्हतंच. चौदाचं दार मात्र कडी काढून कायमचं उघडं ठेवण्यात आलं आणि त्या मुली रोजा धरून सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसायला लागल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. वर्ष संपताना सबाला तिच्या अब्बांनी शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी उर्दू बंद झालं. मिसना पुन्हा कामावर घेतलं नाही. सी सेक्शनच्या उरलेल्या मुली आमच्या वर्गांत वाटून बसवल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या की आता आपण सगळ्या एकत्र.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मिसचा पत्ता शोधला. सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. सिटी बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. दार मिसनीच उघडलं, चष्मा डोक्यावर. त्यांनी मला लगेच ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कैसे आना हुआ, केतकी बेटा?" माझ्या तोंडून निघालं, "मिस, उर्दू सीखनी है." का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की नंतर दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं. त्या उठून पाटी शोधायला लागल्या.

अशा रीतीने मी चार वर्षं दर शनिवारी उर्दू शिकले. गल्लीतली लहान मुलं इंग्रजी शिकायला यायची, त्यांच्यामध्ये मी, वयाने सगळ्यांत मोठी, अलिफ-बे गिरवत. एक चिमुरडी मला दर वेळी विचारायची, दीदी, आप फेल हो गई थीं क्या? मिस हसून हसून खोकायच्या. माझं अक्षर त्यांना फार आवडायचं. त्या मला मूग भरून भाजलेली पोळी खाऊ घालायच्या, त्यांच्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या, माझ्या लग्नाबद्दल आईइतक्याच आडून चौकश्या करायच्या. मी त्यांच्यावर माया करायला लागले होते, हेही तितकंच खरं आहे. पण प्रत्येक शनिवारी चपला काढताना वाटायचं, आज. आणि चपला घालताना वाटायचं, पुढच्या वेळी.

एकदाच तो विषय निघाला. मी धीर करून विचारलं होतं की त्यांनी शाळा कशी सोडली. म्हणाल्या, मला मॅडमनी तो कागद दाखवला होता. मग चष्मा पुसत, जवळजवळ कौतुकाने, "लिखा अच्छा था, मानना पड़ेगा. टाइम तक सही था." मी पाटीवरचं एक अक्षर पुसून पुन्हा गिरवलं. त्या पुढे म्हणाल्या की मुलांचा राग कसला धरायचा, मोठे जे विचारतील तेच मुलं सांगणार. "बस कभी-कभी सोचती हूँ... उसने एक बार दरवाजा खटखटा क्यों नहीं लिया? मैं खोल देती." पंखा फिरत होता. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. मला वाटतं, एखादं मिनिट तरी माझ्या हातात होतं. मग त्या म्हणाल्या, चलो, आगे पढ़ो, आणि मी पुढे वाचलं.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिला तोवर त्या टाळ्यांपलीकडे यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आता सांगून काय होणार, केतू? त्यांनाही त्रास, तुलाही. तू जातेस ना दर आठवड्याला, तेच चांगलं आहे." आई वाईट नाही. तिने मला माझंच मत फक्त मोठ्याने ऐकवलं. मी जात राहिले, तेच चांगलं आहे असं मानत राहिले, आणि मग पावसाळ्यापूर्वीच्या एका सकाळी मिसच्या हृदयाने दगा दिला.

त्या चाळिसाव्याच्या दुपारी खोली हळूहळू भरली. बायका आल्या, डोक्यावरून ओढण्या घेऊन बसल्या. वाचन झालं, दुआ झाली. सबा चहाचा ट्रे घेऊन आली, मला पाहून माझ्या शेजारी जागा करून बसली. इतक्या वर्षांनी, तशीच खांद्याला खांदा लावून. तिचे अब्बा आता घरीच असतात, ठाण्याच्या रस्त्याने जायचं अजूनही टाळतात, असं ती सहज सांगून गेली. मग हिना आपांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, "अम्मी कहती थीं, पूरे स्कूल में एक केतकी ही निकली, जिसने हमें छोड़ा नहीं." समोर बसलेल्या एका वयस्कर खालांनी, म्हणजे मावशींनी, पुढे होऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कुणीतरी म्हणालं, ऐसी बच्चियाँ कहाँ मिलती हैं. सबाने माझा हात दाबला.

माझ्या मनात आलं की आता गप्प राहिले, तर हे सगळं मी ठेवून घेणार. मिसची माया, सबाचा खांदा, हा डोक्यावरचा हात... सगळं. मिसना जे द्यायचं होतं ते द्यायची वेळ निघून गेली होती, पण निदान घेणं थांबवता येणार होतं. मी कप खाली ठेवला आणि बोलले. आवाज नेहमीसारखाच बारीक. खाला कानाला हात लावून म्हणाल्या, जरा जोर से बोलो बेटा. सबाने माझा हात अजून धरलेला होता. तो मी सोडवून घेतला, तिच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं,

"वो कागज मैंने लिखा था. और मुझे मालूम था, अंदर तुम लोग रोजे से हो."