मठात जायचंय

"परवा मठात जायचंय," अप्पा जेवताना म्हणाले. अव्वानं, माझ्या आईनं, माझ्याकडे न बघता ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

आमच्या घरात देवळात जायचं ते दर्शनाला आणि मठात जायचं ते काहीतरी ठरवायला. काकांची वाटणी मठात झाली, थोरल्या बहिणीचं लग्न तिथेच जमलं. स्वामीजींच्या गादीसमोर बोललेलं घरी येऊन कुणी फिरवायचं नाही, अशी रीत. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. मला कॉलेजात जायचं होतं, आणि महिनाभर घरात अक्कलकोटच्या एका स्थळाची कुजबुज चालली होती.

शाळा कॉन्व्हेंटची, रजेची चिठ्ठी इंग्रजीत द्यावी लागे. मी 'मॉनेस्टरी' लिहिलं. सिस्टर हसल्या, "कोण संन्यास घेतंय?" जग सोडलेली माणसं राहतात ते त्यांचं मॉनेस्टरी. आमच्या मठात सगळं जग दाराशी चपला काढून आत येऊन बसायचं. एवढं सांगायचा धीर झाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अक्कलकोटचे पाहुणे आधीच येऊन बसले होते. आधी अप्पा बोलले, मग पाहुणे बोलले. स्वामीजींनी विचारलं, "पोरीचं काय म्हणणं?"

"तिला काय विचारायचं, स्वामीजी?" आत्या म्हणाली. "लई गरीब हाय. न्हाय म्हणायची न्हाय." सगळे हसले. तिनं मला कोपरानं ढोसलं, "पदर पसर की."

स्वामीजींच्या हातचा नारळ पदरात पडला की ठरलंच. मी नेसलेल्या अव्वाच्या साडीचा पदर माझ्या घामेजल्या मुठीत चुरगळला होता.

"मला शिकायचंय."

"मोठ्यानं बोल, बाळ," स्वामीजी म्हणाले. "इथं सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे."

मी पुन्हा बोलले.

"घाला अजून इंग्लिश शाळेत!" आत्या पुटपुटली.

स्वामीजींनी अप्पांकडे बघितलं. मग त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि माझ्या हातात प्रसादाचं एक केळं दिलं. "शिकू दे. पुढचं पुढं बघू."

परतताना टांगा चाटी गल्लीत शिरला. अप्पा समोर बघतच म्हणाले, "घरी बोलली असतीस तर गप्प बसवलं असतं तुला. मठात बोललीस. आता मलाच बोलता येत न्हाय."

ते रागावलेत की काय, मला कळेना. मुठीतलं केळं दाबून दाबून काळं पडलं होतं. घर येईपर्यंत मी ते तसंच धरून ठेवलं.