भाऊंचा फोटो मोठ्या शिडावर

एक बोर्ड, त्यावर उभं केलेलं शीड आणि ते हातांनी तोलणारा माणूस. विंडसर्फिंग म्हणजे एवढंच. मी ते नाशिकच्या पश्चिमेला, आमच्या धरणावर शिकले. नाशिकला कुठला आलाय समुद्र, असं लोक अजून विचारतात. समुद्र नाही, पण आषाढात त्र्यंबकच्या डोंगरांवरून वारा उतरतो तेव्हा काठावर नीट उभं राहता येत नाही.

शीड कसं निवडायचं हे सरांनी शिकवलं. क्लबचे प्रशिक्षक ते. शेडमधलं सामान काढू देण्याआधी आम्हाला पाण्याकडे तोंड करून उभं करायचे. "नुसत्या सुरकुत्या दिसतायत? मग साडेसात चौरस मीटरचं घ्या, वारा गोळा करावा लागेल. लाटांचे माथे पांढरे झाले की साडेचारचं. आणि समुद्रावरच्या गप्पा इथे नकोत. तिथली लाट लांब, ती उचलून नेते. आपली आखूड, ती बोर्डच्या नाकावर टपल्या मारते. झोत आला की सोडून देता येईल असंच शीड पाहिजे." एकदा मी जोराच्या वाऱ्यात मोठं उचललं तर ओरडले होते, "हात उपटून घ्यायचेत का गं?"

राज्याच्या संघाची निवड चाचणी आमच्याच धरणावर ठरली. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची संधी. आणि नेमका त्याच दिवशी क्लबच्या अध्यक्षांचा वाढदिवस. अध्यक्ष म्हणजे भाऊ. चौकाचौकात ज्यांचे फ्लेक्स लागतात तसले भाऊ. सकाळी शेडमध्ये गेले तर मोठ्या शिडावर भाऊ चिकटवलेले, हात जोडून, खाली 'हार्दिक अभीष्टचिंतन'.

बाहेर सगळं पाणी पांढरं उसळत होतं.

"सर, साडेचार घेते."

"आज मोठं घे."

"सर, पाणी बघा ना."

"आज पाणी नाही बघायचं, पाहुणे बघायचे. छोट्यावर फोटो बसत नाही. कानापासून कापला जातो."

"मग कापा की!"

"लय शहाणी झालीस. मोठं घे, नाहीतर बोर्ड मिळणार नाही."

बोर्ड क्लबचा, शीड क्लबचं. पाण्याखालची जमीन तेवढी माझ्या आजोबांची.

मी मोठं घेतलं. थोडं अंतर अंगाचा सगळा भार मागे टाकून ते कसंबसं धरलं. मग दोन डोंगरांमधून झोत आला, बोर्डचं नाक लाटेत घुसलं आणि मी शिडासकट पुढे फेकली गेले. काठावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, भाऊ पडले!" लोक हसले. शिडावर पाणी चढलेलं. मी उचलते, वारा पुन्हा आडवं पाडतो. शेवटी मोटरबोटीनं ओढून आणलं.

निवड समितीच्या बाई मांडवातून खाली काठावर आल्या. "एवढ्या वाऱ्यात हे शीड निवडलं कुणी?"

मी सरांकडे बघितलं.

"मुलीनं हट्ट केला, मॅडम," सर म्हणाले. "मी सांगत होतो, साडेचार घे."

"खोटं बोलताय सर! फोटोसाठी दिलंत तुम्ही!"

मी इतकी ओरडले की मांडवात केक कापणारे भाऊसुद्धा थांबले. मग त्यांनी पुन्हा सुरी चालवली आणि टाळ्या झाल्या.

बाई म्हणाल्या, "तुमच्या क्लबचं भांडण मला माहीत नाही. मला जे दिसलं ते मी लिहिणार. शीड निवडता येणं हीसुद्धा परीक्षाच असते."

माझी निवड झाली नाही. सरांनी नंतर निरोप पाठवला, लहान मुलांना शिकवायला येत जा. मी गेले नाही. सरांची नोकरी होती, ते घाबरले, हे मला कळतं; माफ होत नाही. आणि बाईंची काय चूक, असंही लोक मला समजावतात. मला पटत नाही. तो एवढा मोठा चेहरा ओला होऊन त्यांच्या पायाशी पडला होता. अजून एक प्रश्न विचारायला त्यांचं काय जात होतं?