अजगरानं न खाल्लेला उंदीर

मी गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो तेव्हाची ही हकिकत. कुरखेड्याच्या पलीकडे, रस्ता संपून नुसती बैलगाडीची चाकोरी उरते अशा एका बाजारगावात हा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि बैल अडकवायचा लाकडी खोडा. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो की मुंबई राज्यात गेलो होतो, ते आता छातीठोक सांगता येत नाही. औषधं दोन्हीकडून येत नव्हती एवढं पक्कं. डॉक्टर महिन्यातले पंचवीस दिवस दौऱ्यावर असत आणि उरलेले पाच दिवस दौऱ्याचा शीण काढत. त्यामुळे चांदा जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यातली झाडून सारी जनावरं माझ्या आणि एका म्हाताऱ्या शिपायाच्या भरवशावर जगत होती. बरीचशी खरोखरच जगत, कारण आमच्यापर्यंत चालत येईतो ती आपोआप बरी झालेली असत.

मंगळवारी बाजार भरायचा. बाजार करून थकलेली माणसं आमच्या ओसरीवर टेकायची आणि मग माझं तोंड सुटायचं. वय सव्वीस, ऐकणारे फुकटचे, अडवायला डॉक्टर नाही. मी वाघिणीची दाढ काढली होती. भूल तिला नव्हे, मला देऊन. मी एका रानरेड्याला जुलाबाचं औषध पाजलं होतं, त्यावर तीन गावांनी वर्षभर खत घातलं नाही. असल्याच एका मंगळवारी मी नागभीडच्या सर्कशीची गोष्ट काढली. सर्कशीची गाडी जंक्शनवर तीन दिवस अडकून पडली होती. त्यांच्या अजगरानं सहा महिने अन्न सोडलेलं. मालक रडून रडून इतका वाळला की सामान उतरवताना हमालांनी त्यालाच पेटीत घातलं. मी पुढे झालो, अजगराच्या कानाशी लागलो आणि एक शब्द सांगितला. त्यासरशी त्यानं एक बकरा गिळला, बकऱ्याच्या गळ्यातली घंटा गिळली, आणि मालकाची छत्री गिळायला घेतली ती मी दांड्याला धरून ओढून काढली.

"कंपौंडर साहेब," शिपाई म्हणाला, "अजगराले कान कुठी रायते?"

"म्हणून तर कोणाला जमत नव्हतं," मी म्हणालो.

ओसरी हसून हसून आडवी झाली. त्या हसण्यावर मी पुढचे सहा दिवस काढत असे. कोणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि ठेवावा असं मलाही वाटत नव्हतं. ओसरीच्या खाली, झाडूंचा भारा मांडीशी घेऊन बसलेली एक बाई हसली नव्हती, हे मात्र मला दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली. पन्नाशीची असेल. तीन कोसांवरच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर राहायची. डोक्यावरची टोपली तिनं ओसरीवर ठेवली, वरचं लुगड्याचं फडकं काढलं. आत अजगराचं पिल्लू. अडीच हात लांब, दोन अंगठे जोडून होतील एवढं जाड, आणि मानेखाली वीतभर अंतरावर विळ्याचा वार.

"डाक्टर भाऊ," ती म्हणाली, "याले तो शब्द सांगा."

"कोणता शब्द?"

"नागभीडले सांगतला तो."

मग तिनं सगळं सांगितलं. धान कापताना बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या त्यांच्या धानाच्या शेतात, तो मुठीखाली आला. तिला दिसलाच नाही. बारा दिवस तिनं त्याला धान साठवायच्या बांबूच्या ढोल्यात ठेवला होता. "बेडूक देला, उंदीर देला, काई खाऊन नाई राह्यला. घरचे म्हनते फेकून दे. कसा फेकू? मारायचा अस्ता तं मारलाच अस्ता, मंग काई वाटलं नस्तं. पन मी पाह्यलोच नाई जी. विळा माहाच होता न."

हीच ती जागा होती. 'बाई, ती नुसती गोष्ट होती,' एवढं म्हणायचं होतं. पण ओसरीवर बारा माणसं बसलेली, आणि बाराही जणांच्या मिशा हलायला लागलेल्या. त्यांना आता खरा तमाशा पाहायचा होता. मी बाह्या सारल्या. गुडघ्यावर बसलो, टोपलीत डोकं घातलं आणि जिथं कान नव्हता तिथं तोंड नेऊन पुटपुटलो. काय पुटपुटलो? 'बाबा रे, माझी लाज राख.' दुसरं काही सुचलंच नाही.

"झालं," मी उठून म्हणालो. "शब्द मुरायला आठ दिवस लागतात. इथंच ठेवा."

तिनं दोन्ही हात जोडले, टोपलीतल्या पिल्लाशी गोंडीत काहीतरी बोलली, त्याला माझ्या हवाली केलं आणि रिकामी टोपली घेऊन निघाली.

जखमेचं मी चांगलं केलं, हे सांगायला हवं. लाल औषधाच्या पाण्यानं धुतली, रोज पाहिली, चिघळू दिली नाही. ते काम मला येत होतं. पण खाण्याचं येत नव्हतं. ते शिपायाला येत होतं. त्याचं अर्धं आयुष्य जंगलात बांबू तोडण्यात गेलेलं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "याले अंधारात ठेवा, उबीत ठेवा, अन् पाह्याले कोनाले येऊ देऊ नका. धाकात हाये तो. धाक गेला का आपल्या मनानं खाईल. नाई खाल्लं तरी थंडीभर मरत नाई."

मी दोन दिवस ऐकलं. औषधांच्या खोक्यात त्याला ठेवून, वर पोतं टाकून, मागच्या खोलीत चुलीजवळच्या भिंतीशी खोका लावला. पण तोवर बातमी बाजारातून दहा गावं फिरून आली होती. शब्द सांगितलेला अजगर पाहायला माणसं यायला लागली. पाटलाचे पाहुणे आले, जंगलखात्याचे नाकेदार आले, पाच कोसांवरून एक लग्नाचं वऱ्हाड वाकडी वाट करून आलं आणि नवरदेवानं आधी अजगर पाहिला, मग नवरी. एवढ्या लोकांना मागच्या खोलीच्या अंधारात कसं न्यायचं? मी खोका ओसरीवर आणला, वर जाळी ठोकली. दिवसातून दहादा पोतं उचललं, दहादा बकरा, घंटा आणि छत्री सांगितली. दर वेळी पिल्लू आपलं डोकं वेटोळ्याच्या अगदी मधोमध खुपसून घ्यायचं. मी म्हणायचो, "पाहा, ऐकतोय."

मंगळवारी बाई आली. "खाल्लं?"

"शब्द मुरतोय," मी म्हणालो.

ती खोक्याजवळ बसली. जाळीतून आत बोट घालून म्हणाली, "सुकून राह्यला जी."

त्या आठवड्यात मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून एक धडधडीत चूक केली. धान्याच्या कोठारातला चांगला दांडगा उंदीर पकडून खोक्यात सोडला आणि तसाच राहू दिला. म्हटलं, कधीतरी भूक लागेलच. पहिल्या दिवशी उंदीर एका कोपऱ्यात थरथरत बसला. दुसऱ्या दिवशी तो सावरला. तिसऱ्या दिवशी अजगराच्या पाठीवर बसून मिशा साफ करत होता.

"साहेब," शिपाई म्हणाला, "यातला कोन कोनाले खानार हाये, ते ठरलं काय?"

मी हसलो. आताही ते वाक्य आठवलं की आधी हसू येतं, हीच तर पंचाईत आहे. कारण त्याच रात्रीत उंदरानं पिल्लाची पाठ कुरतडली. मंगळवारी सकाळी मी पोतं उचललं तर मणक्याजवळ तीन ठिकाणी मांस उघडं पडलेलं आणि खोक्यात उंदीर नाही. पुढच्या बाजूच्या खालच्या फळीला त्यानं कोपऱ्यात भोक पाडलं होतं. शिपाई झाडू घेऊन उभा होता. "आत्ताच गेला भुशाच्या पोत्यामागं," तो म्हणाला. मी जखमांवर औषध लावलं आणि पिल्लाला असं वळवून ठेवलं की उघडी पाठ भिंतीकडे जाईल.

दुपारी ओसरी भरली. बाई टोपली घेऊन आली, माणसांमधून वाट काढत खोक्याजवळ वाकली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"उंदीर होता म्हनते याच्यात?"

"होता," मी म्हणालो.

"मंग कुठी गेला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी एक पाऊल पुढे सरलो आणि उजवा पाय खोक्याच्या त्या कोपऱ्याशी, भोकावर ठेवला. "कुठं जाणार? गिळला!"

अशी गर्जना त्या ओसरीनं कधी ऐकली नसेल. नाकेदारानं माझी पाठ थोपटली. पानवाल्यानं विडा दिला. इतकी वर्षं मी खोटं सांगत होतो आणि लोक हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी विश्वास ठेवला. शिपाई तेवढा माझ्या पायाकडे पाहत होता.

बाईच्या चेहऱ्यावरचं मी काही वर्णन करत नाही. फक्त म्हणाली, "पोट तं दिसत नाई फुगलं."

"आपल्या औषधानं लवकर जिरतं."

"मंग मी नेतो याले आता. त्याच्या बांधीत सोडतो. घरचं म्हनजे घरचं, नाई का?"

"आठ दिवस राहू द्या अजून," मी म्हणालो.

"काऊन? खाल्लं न?"

याला उत्तर एकच होतं, आणि ते माझ्या पायाखाली होतं. तिनं पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं. पाठ दिसली. "हे काय जी?"

"उंदीर झटापट करतोच. मरता मरता चावतो."

तिनं मान डोलावली. लुगड्याचं फडकं त्याच्या अंगावर नीट टाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. दिवस थंडीचे होते. संध्याकाळी शिपाई खोका उचलून चुलीत घालायला नेताना म्हणाला, "साहेब, मागं पळा अजून. टोल्यापर्यंत गाठाल." मी गेलो नाही. म्हटलं, जगेलही. जंगलाचं जनावर, त्याला काय होतंय.

तीन बाजार ती आली नाही. चौथ्या मंगळवारी आली, ओसरीवर न चढता खालीच उकिडवी बसली. भाताच्या तणशीच्या ढिगाजवळ तिनं त्याला सोडलं होतं. चार दिवसांनी गारठा पडला, आणि सकाळी तो तिथंच, सोडला तसाच सापडला.

"तुमच्याकडं खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "चांगला झाल्ता. माह्याकडं आला अन् मेला. माह्या हातातच काई हाये, भाऊ. विळा सुनेले देऊन टाकला मी. आता नाई कापत काई."

"थंडी फार होती यंदा," मी म्हणालो.

एवढंच. ज्या तोंडानं घंटेसकट बकरा गिळवला होता, त्या तोंडातून तेवढंच निघालं. ती उठली आणि माझ्यासाठी आणलेली पानाच्या पुडीतली चारोळी ओसरीच्या कडेला ठेवून गेली.

मला झोप लागेनाशी झाली असं लिहिलं तर ती आणखी एक थाप होईल. झोप मला चांगली लागत होती. पण ओसरीवर बसलं की बोलणं अर्ध्यावर तुटायचं. सर्कशीची गोष्ट मागितली की मी वाघिणीची सांगायचो. शेवटी धानामागून बांधीत पेरलेली लाखोळीची डाळ कापायला आली तेव्हा एका सकाळी मी तीन कोस चालून टोल्यावर गेलो.

बाई अंगणात झाडूच्या काड्या निवडत होती. सून दारात उभी होती, हातात विळा. मी बसलो आणि सगळं सांगितलं. नागभीडला सर्कस नव्हती. शब्द नव्हता. उंदरानं त्याला खाल्लं, त्यानं उंदराला नाही. भोक होतं, आणि मी त्यावर पाय ठेवला होता. तो माझ्याकडेच मेला होता म्हणा, तुमच्या हाताचं काही नाही.

बाई ऐकत होती. पाठीवर बसून मिशा साफ करणाऱ्या उंदरापाशी मी आलो तेव्हा तिच्या ओठांच्या कडा हलल्या. भोकावरच्या पायाशी आल्यावर सून आधी हसली, मग बाईही हसायला लागली, पदरानं डोळे पुसत. सुनेला गोंडीत तिनं पुन्हा सांगितलं, पाय कसा ठेवला ते स्वतःचा पाय पुढे करून दाखवलं.

"बाई, आईची शपथ, हे खरं आहे," मी म्हणालो.

"हो जी, हो," ती म्हणाली. छत्रीच्या वेळीही मी आईचीच शपथ घेतली होती. "माह्यासाठी इतके दूर आले गोष्ट सांगाले. मले बरं वाटावं म्हून. लय चांगले हा तुमी."

मी परत सांगायला तोंड उघडलं, पण ती जेवायला वाढायला आत गेली होती. भात आणि लाखोळीचं वरण, पानाच्या द्रोणात. मी खाल्लं, नाही म्हणायची हिंमत नव्हती. माझं होईपर्यंत सून थांबली, मग विळा घेऊन एकटीच बांधीकडे निघाली. बाई हात मांडीखाली घेऊन अंगणातच बसून सुनेच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.